जोतिबाची चढण : स्थूलतेवरील शस्त्रक्रियेची सत्तर वर्षे

कोल्हापूरच्या वायव्येला जोतिबाचा डोंगर आहे. डोंगरावरच्या गावाचे खरे नाव वाडी रत्नागिरी. पण बोलताना सगळे 'जोतिबाला जाऊन आलो' असेच म्हणतात. चैत्र पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. उंच सासनकाठ्या, गुलाल, दवण्याचा वास आणि चांगभलंचा गजर यांनी डोंगर भरून जातो. आता गाडी थेट वरपर्यंत जाते, तरी पायथ्यापासून चालत चढणारे भाविक आजही पुष्कळ आहेत.

आमच्या परिचयाच्या, एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई काही वर्षांपूर्वी ही चढण पायी चढल्या. यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष एवढेच, की त्यापूर्वीची पंधरा वर्षे त्यांना घराचा एक जिना चढतानाही मध्ये थांबावे लागे. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो. मधुमेह होता, गुडघे दुखत होते. जठरावरील शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी त्यांचे वजन ८० किलोवर आले आणि त्यांनी जोतिबाला चालत जायचे ठरवले. आम्हीही सोबत होतो. वाटेत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. सगळी हकिकत ऐकून ते सहज म्हणाले, "बाई, आधीच रोज थोडं चालला असता, तर पोट कापून घ्यायची वेळ आली नसती."

बाई काही बोलल्या नाहीत. आम्हालाही त्या वेळी नेमके उत्तर सुचले नाही. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हते; बहुतेकांना वाटते तेच ते बोलले होते. हे वाटणे किती जुने आहे आणि ते कुठे चुकते, हे स्थूलतेवरील शस्त्रक्रियेच्या इतिहासातून चांगले कळते.

चढणीचा हिशेब

आधी एक सोपे गणित करू. ते आठवीनववीच्या वर्गातही करता येईल. जोतिबाचा डोंगर भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. ११८ किलोचे शरीर तेवढे वर नेण्यासाठी लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार : ११८ × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ३ लाख ४७ हजार ज्यूल. एक किलोकॅलरी, जिला आपण व्यवहारात उष्मांक म्हणतो, ती ४१८४ ज्यूलची. तेव्हा हे कार्य झाले अवघे ८३ उष्मांक. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच अशा कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च त्याच्या चौपट, सुमारे ३३० उष्मांक. तूप घातलेली एक मोठी पुरणपोळी साधारण तेवढ्याच उष्मांकांची असते.

शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे एक किलो चरबी केवळ चढून घालवायची, तर बाईंना जोतिबा तेवीस वेळा चढावा लागला असता. तोही दुखऱ्या गुडघ्यांनी आणि त्या श्रमाने लागलेल्या भुकेला एक घासही जास्त न देता. व्यायामाचे इतर फायदे मोठे आहेत. हृदय, स्नायू, रक्तातील साखर, झोप, मन या सगळ्यांना त्याचा उपयोग होतो. पण 'थोडं चाललं असतं तर' हा हिशेब चाळीस किलोंच्या बाबतीत जुळत नाही.

निंदित आणि बीजस्वभाव

स्थूलतेचे वर्णन आपल्याकडे फार जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नाव 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. अतिउंच, अतिठेंगणे, अतिकृश अशा आठ प्रकारच्या निंदित शरीरांत तेथे अतिस्थूल शरीरही मोजले आहे. कारणे सांगताना जड, गोड, स्निग्ध आहार, व्यायाम न करणे आणि दिवसा झोपणे यांबरोबर आणखी एक कारण दिले आहे : बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला पिंड. अतिस्थूल माणसाला भूक अधिक लागते आणि त्याच्यावरील उपचार अवघड असतो, हेही तेथे नोंदवले आहे. उपाय म्हणून पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न सुचवले आहे. पोट भरावे पण अंगी लागू नये, ही त्यामागची कल्पना.

निरीक्षण म्हणून हे सारे दाद देण्याजोगे आहे. पण समाजाने त्यातले नेमके काय लक्षात ठेवले? 'निंदित' हा शब्द राहिला आणि 'बीजस्वभाव' विसरला गेला. शरीराविषयीचे आपले मत नेहमीच असे सोयीचे असते. कोल्हापुरात तालमीतल्या पैलवानाच्या भरदार अंगाचे कौतुक होते. तेवढ्याच वजनाच्या मुलीला मात्र वर्गात टोपणनाव मिळते.

भुकेचा प्रयोग

आता आपण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जाऊ, कारण या इतिहासातील दोन महत्त्वाच्या घटना तेथेच घडल्या. दुसरे महायुद्ध संपत आले असताना युरोपातील उपासमारीचे काय करायचे, हा प्रश्न पुढे होता. अन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन साधारण चौथ्या हिश्शाने घटले. पण त्याहून महत्त्वाचे बदल वेगळेच होते. त्यांच्या शरीराने ऊर्जेचा खर्च कमी केला. अंग थंड पडू लागले, उत्साह गेला. जागेपणीच काय, स्वप्नातही अन्नच दिसू लागले. प्रयोग संपल्यावर पोटभर जेवूनही कित्येक दिवस त्यांची भूक भागेना.

हे तरुण दुबळ्या मनाचे नव्हते. घटणाऱ्या वजनाला शरीर विरोध करते, हे या प्रयोगाने दाखवले. वजन कमी झाले की भूक वाढवायची आणि खर्च कमी करायचा, ही दुष्काळातून तगून राहण्याची यंत्रणा आहे. स्थूल माणसाने वजन उतरवले तरी तीच यंत्रणा जागी होते. हे वजन उपयोगाचे आणि हे अपायकारक, असा भेद तिला कळत नाही.

याच कीज यांनी पुढे १९७२ मध्ये, बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने १८३२ मध्ये मांडलेल्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा येतो. आमच्या परिचित बाईंचा तो शस्त्रक्रियेपूर्वी ४९ होता.

आतडे आखूड करून पाहिले

त्याच मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यचिकित्सकांनी १९५४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा कोणता भाग पोषणासाठी किती महत्त्वाचा, हे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून तपासले होते. अन्नाचे शोषण आतड्यात होते. मग आतडे आखूड केले तर? या विचारातून स्थूलतेवरील शस्त्रक्रियेची सुरुवात झाली. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील पेन आणि डिविंड यांनी ती बऱ्याच रुग्णांवर केली. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातील जेमतेम ४५ सेंटिमीटर भागच अन्नाच्या वाटेवर ठेवला जाई. उरलेला वळणरस्ता काढून बाजूला पडे.

वजन झपाट्याने उतरले. पण त्याबरोबर सततचे जुलाब, मूत्रखडे, जीवनसत्त्वांची कमतरता आणि काहींच्या यकृताचा नाश हेही आले. कित्येकांची शस्त्रक्रिया उलटवून आतडे पूर्ववत जोडावे लागले. १९८० च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली. शरीर म्हणजे नळ आणि टाकी आहे, नळ आखूड केला की काम झाले, या समजुतीची किंमत रुग्णांनी मोजली. या काळातील अपयशांमुळेच पुढे रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याची शिस्त या शाखेत आली, हेही सांगायला हवे.

अल्सरच्या रुग्णांनी दिलेला धागा

पुढचे पाऊल आयोवा विद्यापीठात पडले. त्या काळी जठरव्रणासाठी, म्हणजे अल्सरसाठी, जठराचा काही भाग काढून टाकत असत. असे रुग्ण नंतर बारीकच राहतात, त्यांचे वजन वाढता वाढत नाही, हे एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले. दुसऱ्या रोगाच्या उपचारातील हा तोटा स्थूल रुग्णांच्या फायद्याचा ठरेल का? १९६६ मध्ये मेसन आणि चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. यालाच 'गॅस्ट्रिक बायपास' म्हणतात. पुढे त्यात अनेक सुधारणा झाल्या आणि इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची जोडणी रूढ झाली.

तरीही पोट मोठे उघडावे लागे. भरपूर चरबी असलेल्या पोटाची जखम भरून येणे कठीण, त्यामुळे धोका मोठा. हा अडसर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दूर केला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि भारतात हे तंत्र रुजले. १९९४ मध्ये अमेरिकेतील विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी गॅस्ट्रिक बायपास दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले.

आज सर्वांत अधिक केल्या जाणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेचा जन्म तर अनपेक्षितच झाला. मुळात तो एका मोठ्या शस्त्रक्रियेतील एक टप्पा होता. अतिशय जोखमीच्या रुग्णांवर सगळे एकदम नको, म्हणून २००० च्या सुमारास आधी फक्त जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करत आणि पुढचा टप्पा नंतरसाठी ठेवत. काही रुग्णांचे वजन तेवढ्यानेच इतके उतरले, की पुढच्या टप्प्याची गरजच उरली नाही.

नळकाम नव्हे, निरोप

इथे या इतिहासाला खरे वळण मिळते. १९९५ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर पोरीज यांनी गॅस्ट्रिक बायपास झालेल्या ६०८ रुग्णांचा अहवाल दिला. त्यातील प्रौढ वयातील मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा औषधांशिवाय सामान्य झाली होती. चकित करणारी गोष्ट म्हणजे ती अनेकांत शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच उतरली, वजन फारसे कमी होण्यापूर्वीच! जठर लहान केल्याने माणूस कमी जेवतो, एवढ्यावर याचा उलगडा होईना.

उलगडा संप्रेरकांनी केला. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधले. चरबीच्या पेशी ते स्रवतात आणि साठा किती आहे, हा निरोप मेंदूला पोचवतात. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधले. ते मुख्यतः जठरात तयार होते आणि भूक जागवते. आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसात घ्रेलिन वाढते, पण बायपास झालेल्यांत ते कमी आढळले, असे २००२ मध्ये अमेरिकेतील कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवले. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्यामुळे जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते. ते इन्शुलिनला मदत करते आणि 'पुरे आता' असा निरोप मेंदूला देते.

म्हणजे शल्यचिकित्सकांना वाटत होते की आपण नळकाम करतो आहोत. प्रत्यक्षात ते निरोपांची व्यवस्था बदलत होते. जेवण कधी थांबवायचे, हे ठरवण्यात आपल्या निश्चयाइतकाच या निरोपांचा वाटा असतो. जीएलपी-१ च्या धर्तीवर बनवलेली वजन कमी करणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतातही या कामासाठी विक्रीस आली. ती बंद केल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग बहुतेकांत परत येतो. यावरूनही हेच दिसते, की निरोप थांबला की भूक परतते.

निरोपाची यंत्रणाच बिघडली तर काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजनाच्या एका इजिप्शियन तरुणीला मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. क्रेनने तिला उचलतानाची छायाचित्रे घरोघरी पोचली. मार्चमध्ये तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबूधाबीत तिचे निधन झाले. लेप्टिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहीच्या जनुकात तिला दोष असल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी सांगितले होते. असा दोष अत्यंत दुर्मीळ असतो. पण छायाचित्र लाखोंनी पाहिले आणि जनुकाची बातमी थोड्यांनी वाचली, हेही तितकेच खरे.

पुण्याची बाळे

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि बाळांचे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची होती. पुण्याची बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' असे हे भारतीय बाळ.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून भारतीयांसाठी धोक्याची रेषा अलीकडे ओढली गेली आहे : २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष २५ च्या रेषेवर किंवा त्यापुढे होते. यांतील फार थोड्यांना शस्त्रक्रिया लागेल. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून करता येईल असे म्हटले. भारतीय विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत मात्र खर्चासाठी ४० ची, किंवा गंभीर आजार जोडीला असल्यास ३५ ची अट होती.

नंतरचे दिवस

शस्त्रक्रिया ही सोपी पळवाट आहे, असाही एक समज आहे. आमच्या परिचित बाईंचा डबा पाहिला की तो टिकत नाही. लहान वाटीभर जेवण, तेही वीस-पंचवीस मिनिटे चावून. आधी डाळ, उसळ, अंडे. जागा उरली तर भाकरीचा तुकडा. जेवताना पाणी नाही, कारण दोन्हींना जागा नसते. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचे आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचे. गोड पदार्थ पटकन आतड्यात उतरला तर घाम फुटतो, छातीत धडधडते. त्वचा लोंबते. केस काही महिने गळतात. लग्नाच्या पंगतीत 'आमच्या घरचं गोड लागत नाही का?' असे विचारणाऱ्या मावशीला काय सांगावे, हा प्रश्न वेगळाच.

स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २०१० आणि न झालेल्या २०३७ स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांत पाच जण दगावले. धोका लहान असला तरी शून्य नाही. बायपास झालेल्यांचे वजन पंधरा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा २७ टक्क्यांनी कमी होते, मात्र पट्टी बसवलेल्यांत ही घट १३ टक्केच होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य तुलनेच्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी वाढले, तरी ते सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. म्हणजे शस्त्रक्रियेने आजार आवरतो, पुसला जात नाही. बाईंचा इंडेक्स आजही ३३ आहे. तक्त्यात पाहिले तर त्या अजून स्थूलच. पण मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या आणि त्या जोतिबा चढल्या.

शिक्षकांसाठी यातून काय निघते? पहिली गोष्ट, वर्गात सर्वांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचू नये. दुसरी, मुलांनी दिलेले टोपणनाव शिक्षकांनी हसण्यावारी नेऊ नये. बाईंना मिळालेले सातवीतले नाव अजून आठवते. ते कोणी दिले हेही आठवते. तिसरी, खेळाचा तास जाड मुलांना शिक्षा म्हणून नव्हे, तर सर्वांना आनंद म्हणून मिळावा. चढणीचे गणित मात्र जरूर करून घ्यावे. आपल्या गावची टेकडी, घरचा एखादा पदार्थ आणि एका काल्पनिक माणसाचे वजन घेऊन मुलांना ते सहज करता येईल.

त्या दिवशी डोंगरावर बाईंनी नैवेद्याच्या पुरणपोळीचा सुपारीएवढा तुकडा तोंडात टाकला आणि उरलेली पोळी आमच्या हातावर ठेवली. पुढच्या चैत्रात ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर ३०० मीटरचा हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे.